गाडी थंडच ठेवा

माझी मुलगी चैत्राली जनावरांची डॉक्टर आहे. जबलपुरात अधारतालच्या आमच्या गल्लीत हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात की आमचा कुत्रा दोन दिवसांपासून सुस्त आहे, काय द्यावं. ती म्हणते, "आंटी, घेऊन या त्याला, पाहते." पाहिल्याशिवाय औषध नाही. फोनवर तर नाहीच. त्यामुळे गल्लीत तिला जरा शिष्ट समजतात. मी आई असून मलाही कधीकधी तसंच वाटायचं.

तिची नेमणूक कुंडमच्या पुढे, दिंडोरीच्या वाटेवरच्या एका गावातल्या सरकारी पशुचिकित्सालयात आहे. शनिवारी घरी येते, सोमवारी पहाटेच्या बसने परत जाते. तिथून आसपासच्या खेड्यांत जायला वाहन नाही. ज्याची गाय अडली असेल तो मोटारसायकल घेऊन येतो, ही औषधांची पेटी मांडीवर घेऊन मागे बसते. गेल्या पावसाळ्यात तिची सलवार धुवायला घेतली तर गुडघ्यावर फाटलेली. विचारलं तर म्हणाली, गाईने धक्का दिला. मोटारसायकल नाल्याच्या काठावर घसरली होती, हे मला तिच्या मैत्रिणीकडून फार उशिरा कळलं.

तेव्हापासून मला स्वस्थ झोप नाही. आणि तेव्हाच तिने ठरवलं की आपण एक जुनी चारचाकी घ्यायची. गाडी चालवायला ती कॉलेजात असतानाच शिकली होती. मला मोटारसायकलची भीती होती, आता गाडीची सुरू झाली. त्या रस्त्यावर साल आणि सागाचं जंगल आहे, चढउतार आहेत, मैलोन् मैल फोन लागत नाही. तिथे गाडी बंद पडली तर पोरगी एकटी काय करेल, एवढाच विचार मनात घोळत राहायचा.

एकदा तिच्यासोबत राहायला गेले होते तेव्हा मी तिचं काम जवळून पाहिलं. एक माणूस म्हैस घेऊन आला होता आणि अखंड बोलत होता. परसों से खा नहीं रही, पिछले साल भी ऐसा हुआ था, मेरे साले ने ये दवा बताई. चैत्रालीने त्याचं थोडंसं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "भैया, अब आप थोड़ा चुप रहो." तो गप्प झाला. ती म्हशीच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी एक लंगडा बैल आला. तो घरून चालत आला होता. तिने पाहिलं आणि मालकाला सांगितलं की आज रात्री इथेच बांध, सकाळी उठताना बघीन. मी विचारलं, आत्ता का नाही? तर म्हणाली, "मम्मी, चालून आलेला बैल बराच दिसतो. सांधे मोकळे होतात ना. खरी लंगड सकाळी उठताना दिसते, नाहीतर चढावर."

हे मी इथे लिहिते आहे कारण पुढे जे झालं ते तिच्या या सवयीमुळे झालं.

माझे यजमान आनंद फौजी वाहनांच्या कारखान्यातून निवृत्त झाले. पूर्ण नोकरी त्यांनी हिशेब खात्यात काढली. पण कारखान्याचं नाव ऐकून लोकांना वाटतं की देवतळेसाहेबांना गाड्यांमधलं सगळं समजतं. आनंदनीही ते कधी नाकारलं नाही. कोणी गाडीबद्दल विचारलं की ते टायरला हलकेच लाथ मारतात आणि "हं" म्हणतात. तेवढ्यावर लोकांचं समाधान होतं.

आमच्या मराठी मंडळात अविनाशराव पिंपळकर आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, छावणीच्या भागात सदरला राहतात. मूळचे वर्ध्याकडचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. त्यांचा मुलगा अभिराम पुण्यात असतो, आईवडिलांनी आता तिकडेच यावं असा त्याचा आग्रह. म्हणून अविनाशरावांना आपली छोटी पांढरी गाडी विकायची होती. मंडळाच्या बैठकीत ते म्हणाले, "दलालाकडे काहून देऊ? आपल्या माणसाच्या घरी गेली तर बरं वाटेल." आनंदनी तिथेच सर्वांसमोर शब्द दिला की गाडी आमची.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांत जास्त हायसं मला वाटलं. ओळखीची गाडी, सज्जन माणसाची गाडी. माझ्या मते शोध तिथेच संपला होता. चैत्राली म्हणाली, "अच्छा. पण चालवून बघू."

रविवारी आम्ही तिघं सदरला गेलो. अविनाशरावांनी गाडी धुऊनपुसून, चालू करून अंगणाच्या बाहेर आणून ठेवली होती. त्यांच्या पत्नी सुमित्रावहिनींनी तर्रीपोहे केले होते. आम्ही खात होतो, बाहेर इंजिन चालू होतं. "रोज सकाळी थोडा वेळ असंच चालू ठेवतो," अविनाशराव म्हणाले, "घरच्या माणसाला चहा द्यावा तसं."

मग सगळेच गाडीत बसलो. चैत्राली चालवायला, शेजारी अविनाशराव, मागे आनंद, मी आणि सुमित्रावहिनी. गाडी निघताच वहिनींनी मला विचारलं, तुमचं माहेर कुठलं? मी म्हटलं हिंगणघाट. त्यांची मावसबहीण हिंगणघाटलाच दिलेली निघाली. पुढे अविनाशरावांनी जुनी गाणी लावली होती, हीटरचा पंखा सुरू केला होता आणि आनंदना मंडळाच्या हॉलच्या छपराबद्दल सांगत होते. जबलपुरात आम्हा लोकांचं असंच होतं. दिवसभर दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी हिंदी बोलायचं, आणि कोणी मराठी माणूस हाताशी लागला की बांध फुटल्यासारखं बोलत सुटायचं. सदरचे रस्ते सरळ आणि स्वच्छ. मावसबहिणीच्या जावेची कहाणी पूर्ण व्हायच्या आत आम्ही परत दारात आलो होतो.

"कशी वाटली?" अविनाशरावांनी विचारलं.

"फर्स्ट क्लास," आनंद म्हणाले आणि उतरून टायरला लाथ मारली.

घरी येताना ऑटोत चैत्रालीने मला विचारलं, "मम्मी, इंजिनचा आवाज कसा होता?"

मी आठवून पाहिलं. मला फक्त मावसबहिणीची जाऊ आठवली.

"आवाज कुठे होता," आनंद म्हणाले. "आवाजच नाही, हेच तर सांगून राहिलो."

"नव्हता, की ऐकू नाही आला?"

"तू तर चालवत होतीस ना?"

"मी काकांना हो काका, अच्छा काका करत होती," ती म्हणाली. "मला पण काहीच नाही माहिती. आपण गाडी बघायला गेलो आणि पोहे खाऊन आलो."

घर येईपर्यंत तिने ठरवलं होतं. गाडी पुन्हा चालवायची. या वेळी रात्रभर थंड राहिलेली, चढावर, आणि कोणी न बोलता.

आनंद चिडले. ते सहसा चिडत नाहीत. "मी चार लोकांत शब्द दिला आहे. आता पुन्हा जायचं म्हणजे त्या माणसाला खोटं पाडणं झालं. काहून एवढं करून राहिली तू?"

"त्यांना खोटं कोण म्हणतंय, पापा? म्हशीचा मालक पण खोटं नाही बोलत. त्याला माहीतच नसतं."

मीही आनंदच्याच बाजूने बोलले. म्हटलं, बेटा, अविनाशराव तसले नाहीत, माणूस पाहून विश्वास ठेवावा लागतो. तिने माझ्याकडे पाहिलं. "घाटात अविनाशकाका ढकलायला येतील का?" तिने विचारलं, अगदी शांतपणे.  मी उठून चहा ठेवला.

फोन तिने स्वतः केला, आमच्यासमोर, स्पीकर लावून.

"काका, गाडी पुन्हा चालवायची होती. पण शनिवारी रात्रीपासून गाडी थंडच ठेवा. रविवारी सकाळी चालू नका करू."

"अगं, पण मी तर रोज सकाळी चालू करतो."

"त्या दिवशी नका करू ना, काका. प्लीज."

 मग अविनाशराव म्हणाले, "गाडी आहे की म्हैस?"

"म्हैस असती तर उपाशी पण ठेवायला सांगितलं असतं, काका."

मागून सुमित्रावहिनींचं हसणं ऐकू आलं. अविनाशराव हसले नाहीत. पण म्हणाले, ये.

थंडीचे दिवस होते. आम्ही गेलो तेव्हा सदरच्या झाडांखाली अजून धुकं होतं. चैत्रालीने आधी हाताची उलटी बाजू बोनेटला लावून पाहिली, जशी मी तिच्या लहानपणी तिच्या कपाळाला लावायची. थंड. मग चावी फिरवली. इंजिन बराच वेळ कण्हलं आणि मग सुरू झालं. ती उतरून मागे गेली, धूर पाहिला, आनंदना ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. आनंदनी दाबला तो एवढा की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

"हळू, पापा." मग ती म्हणाली, "धूर ठीक आहे, काका. थंडीची वाफ आहे फक्त. बॅटरी थोडी कमजोर वाटते."

अविनाशरावांनी मान हलवली. परीक्षेत पहिल्या प्रश्नाला गुण मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"आता सगळे बसा," ती म्हणाली.

"सगळे कशाला?" सुमित्रावहिनींनी विचारलं.

"वजन पाहिजे, काकू. माझ्या गाडीत औषधांच्या पेट्या असतील. कधी एखादं वासरू पण न्यावं लागेल."

"म्हणजे आम्ही वासराच्या जागी," वहिनी म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

तिने गाणी बंद केली, पंखा बंद केला आणि चारही काचा खाली केल्या. थंड वारा कानांत शिरला. मग आरशातून आमच्याकडे पाहून म्हणाली, "आता कोणी बोलायचं नाही."

पाच मराठी माणसं एका गाडीत आणि कोणी बोलत नाही, असं मी जबलपुरात कधी पाहिलं नव्हतं. अविनाशराव दोनदा घसा खाकरले. ओळखीचं दुकान आलं तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं. वहिनींनी माझा हात धरून ठेवला होता. मागे काहीतरी खडखडत होतं, चैत्रालीने मान किंचित वळवली, वहिनींनी वाकून सीटखालची छत्री मांडीवर घेतली, खडखड थांबली. मग मला गाडी ऐकू यायला लागली. टायरांचा, इंजिनाचा, गियर बदलतानाचा, असे वेगवेगळे आवाज होते. त्यात चांगलं काय, वाईट काय, ते मला कळत नव्हतं. पण पहिल्यांदाच मी मनात घाटाचं चित्र न काढता नुसती गाडीत बसले होते.

सपाट रस्त्यावर काहीच निघालं नाही. मदनमहालकडे वळलो आणि शारदा मंदिराच्या चढाला लागलो. चैत्रालीने तिसऱ्या गियरमध्येच गाडी दाबली. इंजिनचा आवाज एकदम वर गेला. पण गाडी वर गेली नाही. म्हणजे चालत होती, पण जेवढी ओरडत होती तेवढी पळत नव्हती. मागून एक ऑटो आला, भाविकांनी भरलेला, आणि आम्हाला मागे टाकून गेला. मग वास आला, जळल्यासारखा. मला वाटलं बाहेर कोणी कचरा पेटवला असेल. पण तिथे कचरा नव्हता, धूरही नव्हता.

"गियर कमी कर, गियर कमी कर," अविनाशरावांना राहवलं नाही.

"करते, काका. आधी हे बघा." तिने समोरच्या दोन काट्यांकडे बोट केलं. "हा इंजिनचा आणि हा वेगाचा. हा चढून राहिला, हा जागेवरच आहे. इंजिन फिरतंय, पण चाकांपर्यंत जोर नाही पोचत. क्लच सरकतोय."

तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मागच्या चाकाखाली दगड लावायला मला उतरावंसं वाटत होतं, पण गाडी हलली नाही.

"काका, चालवताना तुमचा डावा पाय कुठे असतो?"

"पाय? क्लचवर."

"सगळा वेळ?"

"मग? सदरमध्ये कधी गाय येते, कधी एखादा फौजी सायकल घेऊन मध्येच. तयार राहावं लागतं."

असा सतत टेकलेला पाय क्लच झिजवतो, हे चैत्रालीने मला नंतर सांगितलं. तेव्हा तिने फक्त विचारलं, "आणि चढावर कधी नेली?"

"चढावर कशाला नेऊ? बाजार, बँक, मंडळ. आपलं काम सपाटीवरचं."

"याच गाडीने तर घाट चढून अमरकंटकला जायचं म्हणत होतात तुम्ही," सुमित्रावहिनी मागून म्हणाल्या. "पुण्याला जायच्या आधी एकदा. दोघंच."

 अविनाशराव समोरच्या चढाकडे पाहत होते. मग म्हणाले, "जुन्या गाडीत एवढं असायचंच. एवढं पाहायचं असेल तर नवीन घ्यावी माणसाने."

"बरोबर आहे," आनंद घाईने म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मला गाडी आवडली, काका," चैत्राली म्हणाली. "इंजिन छान आहे. तुम्ही जपली आहे, ते दिसतं. क्लच बदलून घ्या, मी येते पुन्हा चालवायला."

"पुन्हा?" आनंद आणि अविनाशराव एकदमच म्हणाले.

परत येताना तिने कोणाला गप्प बसायला सांगितलं नाही. तरी कोणी बोललं नाही.

गोष्ट मंडळात पोचायला वेळ लागला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेले तर वाण देता देता एकजण म्हणाली, "इरावतीताई, तुमची चैतू गाडीचंही नाक, कान, घसा तपासते म्हणे." दुसरी म्हणाली, "आमच्याकडे स्थळ आहे एक, पण मुलाला आधी चढावर पळवणार असेल तर नको बाई." सगळ्या हसल्या, मीही हसले. तीळगूळ तोंडात होता म्हणून बरं, नाहीतर काय बोलले असते कोण जाणे. आनंदनी तर मंडळात जाणंच थांबवलं. संध्याकाळी फिरायला निघायचे ते उलट्या दिशेला.

मी चैत्रालीला फोन केला. म्हटलं, नको ताणूस आता, ही गाडी सोडून देऊ, दुसरी पाहू.

"दुसरी पण मी अशीच बघीन, मम्मी."

"अगं, लोक..."

"तू इकडे येऊन गेली आहेस ना? पुलाच्या पुढे फोन लागत नाही, माहीत आहे तुला. गाडी थांबली तर थांबली. मी घाबरून नाही बोलून राहिली. मला जायचं आहे, म्हणून बोलून राहिली."

मी इतके महिने तिच्या जाण्याची भीती बाळगून होते. तिने न जावं, बदली व्हावी, शहरात काही मिळावं, असंच मनात म्हणत होते. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की ती जाणारच आहे. मग माझ्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे गाडी नीट असणं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरली आणि आनंदना सांगितलं की आता मध्ये बोलू नका, मीही नाही बोलणार.

पुढच्या आठवड्यात अविनाशरावांचाच फोन आला. ओमतीच्या एका गॅरेजमधून त्यांनी क्लच बदलून घेतला होता. "मेकॅनिक म्हणाला, पूरा खत्म हो गया था, बाबूजी," त्यांनी सांगितलं. आवाजात थोडा रुसवा होता, थोडं नवलही. मग म्हणाले, "ये रविवारी. थंड ठेवतो."

तिसऱ्यांदा आम्ही तसेच बसलो, त्याच जागांवर. आता कोणाला काही सांगावं लागलं नाही. वहिनींनी छत्री आधीच घरात ठेवली होती. शारदा मंदिराच्या चढावर गाडी अशी वर गेली की मागच्या खेपेचा ऑटो असता तर आम्ही त्याला मागे टाकलं असतं. दोन्ही काटे बरोबर चढले. वर पोचताच वहिनींनी टाळी वाजवली. अविनाशराव मागे वळून आनंदना म्हणाले, "चलो, झालं एकदाचं," आणि आनंदनी इतक्या दिवसांचा श्वास सोडला.

"उतरायचं राहिलंय," चैत्राली म्हणाली.

खाली आल्यावर तिने एका रिकाम्या बाजूच्या रस्त्यावर गाडी घेतली. मागेपुढे कोणी नाही हे पाहून वेग धरला आणि ब्रेक दाबला. आम्ही सगळे पुढे झुकलो. मग पुन्हा एकदा. स्टिअरिंगवरची बोटं तिने सैल ठेवली होती, मला मागून दिसत होती.

"कोणाला काही वाटलं?" तिने विचारलं.

ज्या लोकांना गप्प बसवायला एवढे कष्ट पडले होते, त्यांच्यातला आता कोणीच बोलेना. अविनाशराव खिडकीबाहेर पाहत होते. आनंद स्वतःच्या गुडघ्यांकडे. मला वाटलं होतं, पण मला गाडीतलं काय कळतं? दोन्ही वेळा मी नुसती पुढे गेले नव्हते, वहिनींच्या अंगावर रेलले होते, आणि त्या दरवाज्यावर. वहिनी माझ्या उजव्या हाताला होत्या, आणि बस डावीकडे वळली की माणूस उजवीकडेच फेकला जातो.

"डावीकडे ओढते आहे," मी म्हटलं.

"रस्त्यालाच उतार आहे डावीकडे," अविनाशराव लगेच म्हणाले. "पाणी वाहून जायला असतो तसा."

"असू शकतो," चैत्राली म्हणाली. तिने गाडी वळवली आणि तोच रस्ता उलट्या बाजूने घेतला, रिकाम्या रस्त्याच्या उजव्या अंगाने, म्हणजे उतार आता उजवीकडे. वेग धरला, ब्रेक दाबला. मी पुन्हा वहिनींवर रेलले. वहिनी पुन्हा दरवाज्यावर.

"डावीकडेच," वहिनी म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

चैत्रालीने गाडी उभी केली. "सपाटीवर, हळू जाताना काही होणार नाही," ती म्हणाली. "पण ओल्या रस्त्यावर, उतारावर, समोर एकदम गाय आली..." तिने वाक्य पुरं केलं नाही. त्या जंगलाच्या रस्त्यावर डावीकडे कुठे दरी आहे, कुठे नाला, ते तिला ठाऊक होतं, आणि मी एकदा बसच्या खिडकीतून ते सगळं पाहिलं होतं.

"बेटा, इतकं तर चालतंच," अविनाशराव म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "मी क्लच बदलून दिला. आता ब्रेक. उद्या तू म्हणशील हॉर्नचा सूर बरोबर नाही. देवतळे, तुम्ही बोला काही. शब्द तुम्ही दिला आहे."

चैत्राली काहीतरी बोलणार होती. आनंदनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"दिला आहे," ते म्हणाले. "चार लोकांत दिला. गाडीतलं मला काही समजत नाही, अविनाशराव, मी हिशेबात होतो. पण आत्ता माझाही तोल तसाच गेला. ब्रेक नीट झाल्याशिवाय मी तिला या गाडीत एकटीला नाही बसवणार. शब्द मोडला म्हणायचं असेल तर मोडला म्हणा. मंडळात मीच सांगतो."

 रस्त्याच्या कडेला एक बकरी उभी राहून आमच्याकडे पाहत होती.

"मोडता कशाला," शेवटी अविनाशराव म्हणाले. "थोडा पुढे ढकला." मग चैत्रालीकडे वळून म्हणाले, "ब्रेक मी करून घेतो. मेकॅनिकला काय सांगू ते नीट सांग. मला पुन्हा परत पाठवायला नको."

तिने सांगितलं. पुढची उजवी बाजू उघडून पाहायची, ब्रेक तिकडे नीट धरत नसावा, डावीकडचा एकटा धरतो म्हणून गाडी तिकडे जाते. चारही टायरांची हवा आधी तपासायची, म्हणजे उगाच ब्रेकवर आळ नको. अविनाशरावांनी तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं आणि मग स्वतः म्हणून दाखवलं.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. उजव्या चाकाचा ब्रेक जाम होऊन धरतच नव्हता, तो त्यांनी करून घेतला होता, आणि न सांगता बॅटरीही बदलली होती. गाडी थंड होती, पहिल्याच चावीला सुरू झाली. चढ चढली. उतारावर, रिकाम्या रस्त्यावर, चैत्रालीने ब्रेक दाबला आणि आम्ही सगळे सरळ पुढे गेलो, मी माझ्याच जागी आणि वहिनी त्यांच्या. तिने पुन्हा दाबला. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा तिने आनंदना चालवायला बसवलं, कारण चालवणाऱ्याच्या हाताची सवय धोका देते म्हणाली, आणि स्वतः मागे येऊन माझ्या आणि वहिनींच्या मध्ये बसली. कारखान्यात असताना शिकलेली गाडी आठवत आनंद हळूहळू, पहिल्या गियरमध्ये बराच वेळ राहून, निघाले. ब्रेक लागला. तिघी सरळ.

"घेते, काका," ती म्हणाली.

अविनाशराव उतरले आणि गाडीला पाठ टेकून उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील काही, गाडीच्या आठवणी वगैरे. पण त्यांनी चावी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "पाय क्लचवर ठेवू नकोस हं."

"नाही ठेवणार. काका, स्टेपनी कुठे आहे?"

त्यांना आठवेना. गाडी घेतल्यापासून एकदाही काढली नव्हती. डिकीतला गालिचा उचलला, खाली झाकण, त्याखाली ती होती, नव्या टायरला असतात ते रबराचे केस अजून तसेच असलेली. अविनाशराव आणि आनंदनी मिळून ती बाहेर ओढली. चैत्रालीने अंगठ्याने दाबून पाहिली. हवा पूर्ण गेलेली.

ती काही बोलायच्या आधीच आनंदनी ती उभी केली आणि रस्त्याने घरंगळत नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे घेऊन निघाले. थोड्या अंतरावर गेल्यावर अविनाशरावही त्यांच्यामागे गेले. दोघं पुन्हा हॉलच्या छपराबद्दल बोलत होते.